मानेवरची गार रेघ

"सुटा बर्फ मिळत नाही," कॅन्टीनवाला म्हणाला. "लिंबूपाण्याबरोबर मिळतो."

"मला फक्त बर्फ हवाय हो. मूठभर. तिसऱ्या मजल्यावरचा फ्रीज परत बसलाय."

"मग लिंबूपाणी घ्या."

"लिंबूपाणी चालणार नाही... म्हणजे पेशंटच्या मानेला चालणार नाही."

मी त्या बर्फ मागणाऱ्याच्या मागे चहासाठी उभी होते. सकाळी आठला आईबरोबर हॉस्पिटलात आले होते आणि आता साडेअकरा वाजले होते. तीन बाकं बदलून झाली होती, पण नंबर काही लागत नव्हता. समोरचा माणूस उंच, खांद्यात जरा वाकलेला, हातात निळा डबा... आणि चष्मा डावीकडे उतरलेला. आता मी बारा वर्षं चष्म्याच्या दुकानात काम करते. मला आधी फ्रेम दिसते, चेहरा मागाहून. वाकडा चष्मा मला बघवत नाही, अनोळखी माणसाच्या नाकावर असला तरी माझे हात शिवशिवतात.

"एक लिंबूपाणी द्या," मी मध्येच म्हणाले. "बर्फ वेगळ्या ग्लासात. भरपूर."

कॅन्टीनवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. याविरुद्ध काही नियम त्याला आठवला नसावा. त्यानं बर्फ दिला. मी तो ग्लास त्या माणसापुढे सरकवला.

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"चष्मा सरळ करून घ्या. डावी काडी वाकलीये."

त्यानं चष्म्याला हात लावला आणि तो आणखीच वाकडा केला. "इतकं दिसतं?"

"मला दिसतं. लोकांचं माहीत नाही."

तो हसला, घाईत वळला आणि जिन्याकडे पळाला. मी लिंबूपाणी प्यायले. बर्फ नसल्यानं ते कोमट होतं.

माझ्याबद्दल एकदाच सांगते, सांगून सांगून मी कंटाळलेय. सगळ्यांच्याच मेंदूत पाणी तयार होतं आणि आपलं आपण मुरतं. माझं मुरत नाही. आठ महिन्यांची असताना माझं डोकं फुगायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी आत एक बारीक नळी घातली. ती उजव्या कानामागून निघते, कातडीखालून मानेवर, गळ्याच्या हाडावरून छातीवर, आणि खाली पोटात जाऊन जादाचं पाणी सोडते. तिला शंट म्हणतात. ती चालू असली की मी तुमच्यासारखीच. अडली की डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि वेळेवर उघडलं नाही तर... जाऊ दे. बत्तीस वर्षांत चार वेळा अडली. पहिलं धरून पाच ऑपरेशनं झाली.

पण खरा वैताग वेगळाच आहे. डोकं कुणाचं दुखत नाही? झोप झाली नाही की दुखतं, ऊन लागलं की दुखतं, आई एकच गोष्ट चौथ्यांदा सांगायला लागली की दुखतं. माझं दुखलं की मात्र आई फाइल काढते. मग हॉस्पिटल, मोठ्या मशीनमध्ये डोक्याचा फोटो, दिवसभर बाकावर बसणं, आणि शेवटी 'काही नाही, घरी जा.' आई थकली, मी थकले, फाइलसुद्धा कडेनं फाटली. मला आयुष्याकडे फार मोठं काही मागायचं नव्हतं. सहावं ऑपरेशन नको होतं, एवढंच.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. "नवीन तपासणी आहे," त्या म्हणाल्या. "अजून आम्हीही शिकतोय. सुई नाही, मशीन नाही, दुखत नाही. महिन्यातून एकदा, सहा महिने यायचं. बरं असताना तुमची नळी कशी दिसते ते आम्हाला कळेल, म्हणजे बिघडली की ओळखता येईल."

कोपऱ्यातल्या खोलीच्या दारावर कागद होता: 'दार लावून घ्यावे. पंखा लावू नये. मानेला हात लावू नये.' आईनं फाइल छातीशी धरून दार ढकललं. आत तोच उभा, आणि माझा ग्लास टेबलावर.

"तुम्ही?" तो म्हणाला. "म्हणजे हा बर्फ तुमच्याच मानेसाठी होता."

"तर मग उपकार वगैरे काही नाहीत. माझा बर्फ मीच आणला."

आईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. तिला हा बर्फ कुठला ते कळेना, पण तिनं लक्षात ठेवलं. ती सगळंच लक्षात ठेवते.

खोलीत एक खुर्ची, तीन पायांच्या स्टँडवर एक छोटा कॅमेरा, बाजूला टीव्हीसारखा पडदा. खोलीच्या राणी असाव्यात अशा थोरल्या सिस्टर होत्या. त्यांनी माझे केस वर बांधले आणि खांदे उघडे ठेवून टॉवेल गुंडाळला. तो तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर काहीही नव्हतं.

"आता पंधरा मिनिटं नुसतं बसायचं," तो भिंतीला म्हणाला. "मानेला हात लावायचा नाही, खाजवायचं नाही. हा कॅमेरा उजेड बघत नाही, ऊब बघतो. मानेवर हात ठेवलात तर हाताची ऊब मागे राहते. पाचही बोटं मोजता येतात."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"छे. मी कारखान्यात होतो. याच कॅमेऱ्यानं तापलेल्या वायरी शोधायचो. मग इथल्यांना कुणीतरी कॅमेरा धरणारा हवा होता."

"म्हणजे मी तुमची वायर."

"नळी," तो गंभीरपणे म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. माझ्या धंद्यात कान फार दिसतात.

पंधरा मिनिटांनी त्यानं कानाखाली, नळीच्या जागेवर, मिनिटभर बर्फाची पिशवी धरली. काढली, कोरड्या कापसानं पुसलं, आणि पडद्याकडे वळला. मीही बघितलं. पडद्यावर माझी मान नारिंगी दिसत होती, परक्या माणसाची असावी तशी. आणि मग वरून एक निळसर, केसाएवढी रेघ हळूहळू खाली उतरू लागली. गळ्याच्या हाडाच्या आतल्या बाजूनं वळली आणि छातीकडे गेली.

"ती बघा," तो हळूच म्हणाला. "बर्फानं गार झालेलं तुमचं पाणी. वाहतंय."

बत्तीस वर्षं ही नळी माझ्या अंगात होती. तिच्यामुळे मी शाळा बुडवली, पोहायला शिकले नाही, एक माणूस गमावला. ती चालते हे मी कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मला एकदम रडू आलं. त्यानं कापसाचा बोळा पुढे केला, माझ्याकडे न बघता, पडद्याकडेच बघत.

"रेघ दिसली की वाहतंय हे नक्की," तो म्हणाला. "नाही दिसली तर लगेच घाबरायचं नाही. चांगली नळीसुद्धा अधूनमधून थांबते. विसावा घेते."

"नशीबवान आहे," मी नाक पुसत म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात तो दुकानात आला; निघताना मीच पत्ता दिला होता. हातात चष्मा, डावी काडी आणखी वाकलेली. कॅमेऱ्यात बघताना तो चष्मा कपाळावर सरकवायचा, आणि मग तसाच डुलकी काढायचा. दिवसाला आठ-आठ पेशंट, त्यात फ्रीज बिघडलेला, कॅमेऱ्याची बॅटरी म्हातारी. थकलेला माणूस मला लांबूनही ओळखू येतो. मी फ्रेम गरम हवेवर धरली, मऊ केली, वळवली आणि त्याच्या डोळ्यांवर चढवली. कानामागून बोट फिरवून बघितलं, ते आमचं कामच आहे.

"टोचतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही... म्हणजे, हो. परत एकदा बघा."

मी परत एकदा बघितलं. मालक गल्ल्यामागून खाकरले.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, आणि मग पुन्हा. चौथ्या वेळी मालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "या साहेबांचा चष्मा वाकडा आहे की डोकं?" मी म्हटलं, तपासणी चालू आहे.

आणि दर महिन्याला ती पंधरा मिनिटं. आई बाहेर बाकावर, थोरल्या सिस्टर कोपऱ्यात विणकाम घेऊन, मी मान उघडी टाकून खुर्चीत, आणि तो पडद्याशी बोलत. हो, पडद्याशीच. दुकानात माझ्या डोळ्यांत बघून हसणारा माणूस त्या खोलीत चुकूनही माझ्याकडे मान वळवायचा नाही. मला वाटलं, इथे मी पेशंट, म्हणून असेल. मला जरा लागलंच ते.

"एक माणूस गमावला म्हणालात," एकदा त्यानं पडद्याला विचारलं. "पहिल्या दिवशी. रडताना."

"मोठ्यानं बोलले होते?"

"अर्धवट."

"होता एकजण. त्याला नळीचं सांगितलं. म्हणाला, आईला विचारून सांगतो." मी थांबले. "सहा वर्षं झाली. अजून विचारतोय."

तो हसला नाही. बराच वेळ बॅटरीशी खेळत बसला. मग म्हणाला, "मला आई नाही. म्हणजे, विचारायला कुणी नाही... सहज सांगतोय."

कोपऱ्यात थोरल्या सिस्टरांच्या सुया थांबल्या आणि परत सुरू झाल्या. मला मान खाली घालायची होती, पण घालता येत नव्हती, कॅमेरा लावलेला होता. त्या दिवशीची रेघ छान आली.

पाचव्या महिन्यात पावसाची रिपरिप तीन आठवडे थांबली नव्हती. कपडे वाळत नव्हते, रस्ते चिकट, गिऱ्हाइकांच्या काचा सारख्या धुरकट. आणि माझं डोकं दुखत होतं. चार दिवस. सकाळी उठल्यावर जास्त, दुपारी जरा कमी. ही जात मला माहीत होती. मी कुणाला सांगितलं नाही. आईला कळू नये म्हणून आरशासमोर हसायची तालीम केली. पाऊस आहे, म्हणून दुखतंय, असं स्वतःला बजावलं.

तपासणीची तारीख तर ठरलेली होती. गेले. थोरल्या सिस्टर रजेवर होत्या. दुसऱ्या एका सिस्टरनं केस बांधले आणि ती वॉर्डात पळाली. फ्रीज बसलेला. त्यानं कॅन्टीनमधून बर्फ आणून साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला होता.

"डोकंबिकं दुखतंय का?" त्यानं वहीत लिहायला पेन उचललं.

"थोडं."

पेन थांबलं. "किती थोडं?"

"थोडं म्हणजे थोडं. पावसानं."

त्यानं पंधरा मिनिटं घड्याळात मोजली. मग बर्फ धरला, आणि त्याचा हात नेहमीपेक्षा गार वाटला. पिशवी काढली. कानाखाली पुसलं. आणि तेवढ्यात... एक थेंब निघाला. पिशवी गळत होती. तो थेंब माझ्या कानामागून मानेवर आला, मानेवरून खाली, हळूच, गळ्याच्या हाडापर्यंत. मला तो कळला. अगदी स्पष्ट.

"आली," तो म्हणाला. "रेघ आली." त्यानं वहीत मोठी खूण केली. "आता सांगायला हरकत नाही. तुम्ही 'थोडं' म्हणालात तेव्हाच मी घाबरलो होतो."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

का मिटलं, ते खरं सांगते. मी दमले होते. पाण्याचा थेंब आहे असं म्हटलं असतं तर परत बर्फ, परत पंधरा मिनिटं, आणि मग कदाचित रेघ नाही. मग मोठं मशीन, मग आईचं ते हसणं, मला भूल देतात त्याआधीचं. मला एक दिवस कुणीतरी 'तू ठीक आहेस' म्हणायला हवं होतं. आणि तो इतका खूश होता. त्याच्या त्या चेहऱ्याकडे बघून मलाही क्षणभर वाटलं, की असेल. माझीच असेल रेघ.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रेघ आहे, दुखणं थोडं आहे, तर आजचा-उद्याचा दिवस बघू. पण उलटी झाली, गुंगी आली, दोन-दोन दिसायला लागलं, की तडक यायचं. ऐकताय ना?"

ऐकत होते. आईचा जीव भांड्यात पडला. परतताना तिनं टॅक्सीत फाइल प्रथमच मांडीवरून बाजूला ठेवली, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात अक्षरांचा तक्ता लावायला गेले, तर खालच्या ओळीतली अक्षरं जोडीनं उभी. डोळे चोळले. वरच्या ओळीतलीही. मी काउंटरमागच्या स्टुलावर बसले. फोन वाजला. हॉस्पिटलचा नंबर. उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी मी फोन उलटा करून ठेवला. उचलला असता तर बोलावं लागलं असतं.

तासाभरात तो दारात उभा. छत्री नाही, शर्ट भिजलेला, काचांवर वाफ. हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद.

"फोन का उचलत नाही?"

"गिऱ्हाईक होतं..."

दुकानात चिटपाखरू नव्हतं. मालकसुद्धा आतल्या खोलीत गेले होते. त्यानं कागद काउंटरवर मांडले. माझ्या मानेची पाच चित्रं. माझ्या डोळ्यांना दहा.

"या चार रेघा बघा. चारही गळ्याच्या हाडाच्या आतल्या बाजूनं जातात, तुमची नळी तिथूनच जाते. आता ही कालची. ही बाहेरून गेलीये, खांद्याकडे. तिथे नळीच नाही. आज सकाळी शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दिसलं. ही रेघ..."

"पाणी होतं ते," मी म्हणाले. "पिशवी गळत होती."

त्यानं कागदावरचं बोट उचललं. "तुम्हाला माहीत होतं?"

"थेंब लागला मला."

"आणि गप्प बसलात?"

"तुम्ही किती खूश होतात."

"मी खूश व्हावं म्हणून..." त्याचा आवाज चढला. मी त्याला कधी रागावलेला बघितलं नव्हतं. मग तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "नाही. चूक माझी आहे. बर्फ काढला की मान पुसायची, आणि कॅमेऱ्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यायचं, हा नियम मीच लिहिलाय. खाली सही आहे माझी. मी एकदा वळून बघितलं असतं तर पाणी दिसलं असतं."

"मग का नाही बघितलं? तुम्ही त्या खोलीत कधीच माझ्याकडे बघत नाही."

त्यानं वाफ धरलेला चष्मा काढला. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं.

"बघितलं की हात थरथरतो," तो शेवटी म्हणाला. "आणि मग कॅमेरा हलतो."

माझं डोकं फुटायला आलं होतं, समोर तो एकाचे दोन दिसत होता, आणि मला हसू आलं. आयुष्यात एवढं गोड कुणी मला बोललं नव्हतं, आणि तेही अशा वेळी.

"डॉक्टरीणबाईंना सगळं लिहून दिलंय," तो म्हणाला. "माझी चूक, आणि हेही, की यापुढे तुमची तपासणी दुसऱ्या कुणी करावी. घरच्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, असा नियम आहे. फॉर्मवर नात्याचा रकानाच आहे."

"मी तुमच्या घरची आहे?"

"नाही..."

"मग नात्याच्या रकान्यात काय लिहिलंत?"

"नंतर कळवतो, असं लिहिलं."

मी काउंटरवर डोकं टेकलं. "ऐका. ही नळी आज उघडतील. पुढच्या वर्षी परत अडेल, नाहीतर दहा वर्षांनी, नाहीतर उद्या. जन्मभर हेच. मला स्वतःलाच कंटाळा आलाय याचा. तुम्ही कशाला..."

"कारखान्यात असा एक पाइप दाखवा जो कधी अडला नाही. म्हणून कारखाना बंद करतात का?"

"मी कारखाना आहे?"

"नाही. तुम्ही... मला नीट बोलता येत नाही. आधी उठा. टॅक्सी उभी आहे. आईंना फोन केलाय, त्या थेट तिकडे येतायत. चालता येईल?"

चालता येत होतं, पण मी त्याचा दंड धरला. पाच दिवसांत पहिल्यांदा मला कुणापुढे बरं असल्याचं सोंग करावं लागत नव्हतं.

हॉस्पिटलात थोरल्या सिस्टर रजा अर्धी टाकून आल्या होत्या. त्यांनी बर्फ धरला, मान पुसली, वाकून बघितली, पुन्हा पुसली. पडदा नारिंगीच राहिला. दहा मिनिटांनी परत केलं, तरी नारिंगीच. मोठ्या मशीननंही तेच सांगितलं. संध्याकाळी सहावं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन चालू असताना बाहेर काय झालं ते मला नंतर आईकडून कळलं. ती बाकावर बसली होती. तो समोर उभा. बसायचा धीर होत नव्हता.

"तुम्ही ते बर्फवाले ना?" आईनं विचारलं.

"हो. कालची चूक माझी होती, आई. म्हणजे... काकू."

"तिनंही तोंड उघडलं नाही," आई म्हणाली. "लहानपणापासून अशीच आहे. दुखलं तरी 'थोडं' म्हणते. आता तिचं थोडं म्हणजे किती, ते शिकून घ्या. मला बत्तीस वर्षं लागली." मग तिनं फाइल उचलून त्याच्या हातात दिली. "धरा जरा. माझे हात भरून आलेत."

ती फाइल तिनं याआधी माझ्या मामाच्याही हातात दिली नव्हती. रात्री शुद्धीवर आले तेव्हा फाइल त्याच्याच मांडीवर होती, आणि कडेला, फाटलेल्या जागी, पांढरी चिकटपट्टी लावलेली.

दीड महिन्यानं पुन्हा तीच खोली. केस अर्धे कापलेले, त्यावर रुमाल. कानामागची नवी खूण अजून हुळहुळत होती. फ्रीज दुरुस्त झाला होता, असं मला अभिमानानं सांगण्यात आलं. कॅमेरा आता माझ्यापुरता थोरल्या सिस्टरांकडे होता. त्यांनी केस सावरले, टॉवेल लावला, "हात लावायचा नाही" म्हणून बजावलं आणि आईसोबत डॉक्टरीणबाईंकडे कागद घ्यायला गेल्या. तो दाराबाहेर उभा होता. बाहेरच राहायचं, असं त्याला सांगितलेलं होतं.

"घाबरलीस?" त्यानं दारातून विचारलं. ऑपरेशननंतर कधीतरी आमचं 'तुम्ही' गळून पडलं होतं. कधी ते दोघांनाही सांगता येत नाही.

"थोडं."

तो सरळ आत आला. माझ्या थोडंचा हिशेब त्याला आता कळत होता. माझ्या मागे उभा राहिला, काही बोलला नाही, फक्त मानेशी, खांद्यावर हात ठेवला. जड, उबदार हात. मी डोळे मिटले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. जिन्यावर सिस्टरांच्या चपला वाजल्या तसा तो बाहेर पळाला.

सिस्टरांनी कॅमेरा चालू केला. पडद्याकडे बघितलं. चष्मा वर केला, परत बघितलं.

"हे काय?"

नारिंगी मानेच्या खाली, खांद्यावर, एक पिवळा पंजा उमटला होता. पाचही बोटं मोजता येत होती.

"नियम कुणी लिहिलाय बाहेर चिकटवलेला?" सिस्टर मोठ्यानं म्हणाल्या. दाराबाहेर कुणीतरी खोकलं. "आता परत पंधरा मिनिटं. आणि तो कागदही अजून तसाच पडलाय माझ्याकडे. 'नंतर कळवतो' म्हणे. काय लिहू मी त्या रकान्यात?"

आई फाइल घेऊन कोपऱ्यात उभी होती. तिनं पडद्यावरचा तो हात बघितला, आणि खिडकीतून बाहेर काही फार महत्त्वाचं असल्यासारखी तिकडे बघू लागली. मला सगळ्यांसमोर बोलायची सवय नाही. पण गप्प बसून काय होतं, ते मी एकदा बघितलं होतं.

"होणारा नवरा, असं लिहा," मी म्हणाले.

बाहेर काहीतरी पडलं. चष्माच असणार.

पंधरा मिनिटं आम्ही सगळे आपापल्या जागी बसलो. पंजा पडद्यावर फिका होत गेला, बोटं आधी, तळवा मागाहून. मग सिस्टरांनी बर्फ धरला. काढला. पुसलं. वाकून, चष्मा लावून, माझी मान नीट बघितली, परत पुसली, आणि कॅमेरा वळवला. आई पुढे सरकली.

वरून एक बारीक निळी रेघ निघाली. हळूहळू मानेवरून उतरली, गळ्याच्या हाडापाशी आली, क्षणभर थांबली असं मला वाटलं... आणि आतल्या बाजूनं वळली.

चित्र झाल्यावर मी स्वतः मानेवरून हात फिरवला. कोरडी होती. दोनदा बघितलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "आली रे."